लॉग: जुन्याच फाइलला जोडायचा की दर वेळी नवी फाइल?

म्हापशात जूनचा पाऊस लागला की वीज जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि आदल्या रात्रीचा लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची नोंद, कोरा. नेमका हवा असतो तोच. दोष बहुधा एका चिन्हाचा: शेलमधलं (जिथे आदेश टाइप करतो तिथलं) ‘>’ फाइल आधी रिकामी करतं, ‘>>’ शेवटी जोडतं.

जोडत जाणं सर्वांत सोपं. पायथनच्या फाइलहँडलरमध्ये (लॉग फाइलीत लिहिणारा भाग) तर मूळचीच तशी सोय आहे. फक्त फाइल फुगत जाते, म्हणून लॉगरोटेट (जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवणारं साधन) लावावंच लागतं. शिवाय रोटेट झाल्यावर प्रोग्रामने फाइल पुन्हा उघडली नाही, तर तो नाव बदललेल्या जुन्या फाइलीतच लिहीत बसतो. यात मी अर्धा दिवस घालवलाय.

दुसरा मार्ग, नावात तारीख-वेळ घालून दर वेळी नवी फाइल. कुठली सुरुवात कुठे संपली ते लगेच कळतं. पण सिस्टमडी (लिनक्सवर सेवा, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्राम, सांभाळणारं साधन) पडलेली सेवा मूळ सेटिंगमध्येच १०० मिलिसेकंदांत परत उठवू शकतं. नावात सेकंदापर्यंतच वेळ असेल तर दोन फाइलींचं नाव एकच. प्रोसेस क्रमांकही (चालू प्रोग्रामला मिळणारा आकडा) जोडा. विंडोजवर नावात विसर्गासारखं ते कोलन चालत नाही, आणि जुन्या फाइली आपणच झाडायच्या.

मी सेवांसाठी जोडणंच ठेवतो. रात्रीच्या बॅच कामांना (एकदा चालून संपणाऱ्या) नवी फाइल.