सुरुवातीलाच सपाटून हरणारी टीम: धरून ठेवायची का सोडायची? ऑयलर्स आणि शार्क्स शेजारी शेजारी

इकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला कोणी ना कोणी मराठी माणूस हे विचारतोच. नवीन नवीन आइस हॉकी बघायला लागलो, हौसेने एक टीम धरली, आणि ती पहिल्या दहा-बारा मॅचमध्ये नुसती मार खातेय, आता वाट बघू का दुसरी धरू, आणि तिकिटांचं पॅकेज घ्यायचं का राहू दे. मी प्रत्येकाला एकच रात्र सांगतो, 9 नोव्हेंबर 2023.

त्या रात्री सॅन होजेत शार्क्सनी एडमंटन ऑयलर्सना 3-2 ने हरवलं. एनएचएलमध्ये, म्हणजे या दोघांच्या लीगमध्ये, जिंकलं की 2 पॉइंट, बरोबरीनंतर ओव्हरटाइम किंवा शूटआउटला हरलं तरी 1. तर मॅच संपल्यावर शार्क्स 13 मॅचमध्ये 5 पॉइंट, ऑयलर्स 12 मॅचमध्ये 5 पॉइंट, 32 टीमच्या लीगमध्ये दोघंही पार तळाला. नुसतं टेबल बघितलं असतं तर दोघांचंही वर्ष वाया गेलं असंच कोणीही म्हणालं असतं. आणि पुढे काय झालं तर एक टीम त्याच सीझनला स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत गेली आणि दुसरी 47 पॉइंटवर लीगमध्ये शेवटची आली. म्हणून म्हणतो, किती हरतायत ते नंतर बघा, कशा हरतायत ते आधी बघा.

ऑयलर्सचं काय होतं, तर पहिल्याच मॅचला व्हँकुव्हरमध्ये 8-1 असा मार खाल्ला, आणि मग मॅचमागून मॅच तेच, पक (हॉकीतली रबरी चकती) यांच्याकडे, शॉट यांचे, पण गोल होत नव्हते आणि समोरच्याचा साधा शॉटसुद्धा आत जायचा. दुखणं मुख्यतः गोलकीपरचं होतं. जॅक कॅम्पबेलला 5 वर्षांचं, वर्षाला 50 लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलेलं, त्याला नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच खालच्या लीगमध्ये बेकर्सफील्डला पाठवावं लागलं. वर टीमचा हुकमी खेळाडू कॉनर मॅकडेविड ऑक्टोबरमध्येच दुखावला, दोन मॅच बाहेर बसून परत आला पण पूर्ण बरा झालाय असं त्याच्या स्केटिंगवरून वाटत नव्हतं. म्हणजे बघा, गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, टायर पंक्चर होते.

शार्क्सचं इंजिनच नव्हतं हो. पहिल्या 11 मॅचमध्ये एकही विजय नाही, केलेले गोल 12, खाल्लेले 55. घरच्या मैदानावर लागोपाठ दोन मॅच, व्हँकुव्हरकडून 10-1 आणि पिट्सबर्गकडून 10-2. पिट्सबर्गच्या मॅचला मी गोलच्या मागे, काचेपासून सहा-सात रांगा वर बसलो होतो. गोलकीपरने पहिला शॉट अडवायचा, पक त्याच्या पायाशी पडायचा, आणि तो उचलायला आपला एकही डिफेन्समन जवळ नसायचा, समोरचा निवांत येऊन आत ढकलायचा. तिसऱ्या पिरियडमध्ये आपला गोलकीपर नेटवरची पाण्याची बाटली उचलून बराच वेळ नुसता बर्फाकडे बघत उभा होता, ते अजून डोळ्यासमोर आहे. आणि समोरच्या टीममध्ये एरिक कार्लसन, ज्याने आदल्याच सीझनला शार्क्सकडून 101 पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) करून सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळवली होती आणि ज्याला ऑगस्टमध्ये देऊन टाकलं होतं. पोटात तुटायचं त्याला त्या जर्सीत बघताना.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मालक आणि मॅनेजरला या वर्षी जिंकायचंय का. ऑयलर्सना जिंकायचंच होतं, मॅकडेविड आणि ड्रायसाइटल हे दोन मोठे खेळाडू ऐन भरात असताना एक वर्ष वाया घालवणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे 12 नोव्हेंबरला जे वूडक्रॉफ्टला काढून क्रिस नॉब्लॉकला कोच केलं. हा मॅकडेविडला ईरीच्या ज्युनियर टीममध्ये पोरवयात शिकवलेला माणूस. लगेच जादू झाली नाही, पण डिसेंबर-जानेवारीत सलग 16 मॅच जिंकले, पिट्सबर्गच्या 1993 च्या 17 च्या रेकॉर्डला एकच कमी, आणि सीझन 104 पॉइंटवर संपवला. फायनलला फ्लोरिडाविरुद्ध 0-3 वरून 3-3 केलं आणि सातवी मॅच 2-1 ने गेली.

शार्क्सनी कोच सीझनभर तोच ठेवला, मार्चमध्ये टोमास हर्टलसारखा चांगला माणूसही देऊन टाकला. लोक चिडले, मीही चिडलो होतो, पण त्यांचा हिशोब वेगळा होता, जुनं मोडून पोरांची टीम उभी करायची. शेवटच्या नंबरला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीच्या, लॉटरीत पहिला पिक मिळायची शक्यता 25.5 टक्के, ती लागली आणि मॅकलिन सेलेब्रिनी आला. त्याचे वडील इथल्याच वॉरियर्स या बास्केटबॉल टीमकडे काम करतात, तो स्वतः इथल्या ज्युनियर शार्क्समध्ये खेळलेला, म्हणजे घरचंच पोर. पण लगेच सुटका झाली नाही हेही सांगतो, पुढच्या सीझनलाही पहिल्या 9 मॅच हरले आणि 52 पॉइंटवर परत शेवटचे. ही वाट लांबची आहे, तीन-चार वर्षं धरूनच चला.

मध्येच कोणीतरी सेंट लुई ब्लूजचं उदाहरण देतं, 3 जानेवारी 2019 ला लीगमध्ये शेवटचे आणि जूनमध्ये कप. खरं आहे, पण ती टीम ऑयलर्सच्या जातीची होती, खेळाडू चांगले, नोव्हेंबरमध्ये कोच बदलला आणि जानेवारीत बिनिंग्टन नावाचा नवा गोलकीपर उभा राहिला. प्रत्येक हरणाऱ्या टीमला ते लागू होत नाही.

आता तुमचं. याच वर्षी प्लेऑफ (कपसाठीच्या बाद फेऱ्या) बघायचेत आणि तुमच्या टीमचे शॉट समोरच्यापेक्षा जास्त आहेत, तर खुशाल धरून ठेवा, फक्त गोलकीपरचं काय करतायत तेवढं बघा. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, प्लेऑफच्या जागेत असलेल्या चारातल्या साधारण तीन टीम शेवटी प्लेऑफला जातात असं हॉकीवाले सांगतात, पण 2023 ला ऑयलर्स त्या दिवशी बाहेरच होते, म्हणून मी तरी नाताळपर्यंत थांबेन. पुण्या-मुंबईत बसून बघणार असाल तर एडमंटनच्या घरच्या मॅच बहुतेक सकाळी सात-साडेसातला पडतात, डबे भरताना लावून ठेवता येतं. सॅन होजेच्या साडेआठ-नऊला, म्हणजे ऐन ऑफिसच्या घाईत.

इथे राहत असाल आणि घरात लहान मुलं असतील तर मात्र माझं मत सरळ शार्क्स. टीम हरत असते तेव्हा रीसेलची तिकिटं उतरतात, कॅलट्रेनने डिरिडॉनला उतरलं की अरीना समोरच. पॅकेज आधीच घेऊ नका, नोव्हेंबरमध्ये दोन-तीन सुट्या मॅच बघा. 10 ऑक्टोबर 2024 ला सेलेब्रिनीच्या पहिल्याच मॅचला मी लेकीला घेऊन गेलो होतो. त्याने गोल केला, टीम 4-1 ने पुढे गेली आणि ओव्हरटाइमला 5-4 ने हरली. आदल्या वर्षीसारखी हारच, पण परत येताना ट्रेनमध्ये ती त्याच्या त्या गोलबद्दलच बोलत होती, पुढची मॅच कधी आहे ते तिनेच विचारलं आणि त्याच आठवड्यात मी पॅकेज घेतलं.