टोपीच्या जागी सेन्सर की रिमच्या आत? मोटारसायकलसाठी टायरदाब यंत्रणा निवडताना

मोटारसायकलच्या टायरमधील हवेचा दाब सतत दाखवणारी यंत्रणा घ्यायची ठरली, की खरेदी करणाऱ्याचे लक्ष आधी डिस्प्लेकडे जाते. पडदा रंगीत आहे का, उन्हात आकडे दिसतात का, फोनशी जोडता येते का, याच गोष्टींची तुलना होते. प्रत्यक्षात निवड ठरते ती व्हॉल्व्हपाशी. सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बाहेरून फिरवून बसवायचा, की टायर उतरवून रिमच्या आत व्हॉल्व्हसकट कायमचा बसवायचा, हा खरा प्रश्न आहे आणि बाकीचे बरेचसे निर्णय त्याच्या मागोमाग येतात. काही मोटारगाड्यांमध्ये सेन्सरशिवाय, केवळ एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने चाकांच्या वेगातील फरक मोजून कमी हवेचा अंदाज घेतला जातो. पण मोटारसायकल वळणावर कलली की टायर ज्या घेरावर फिरतो तो घेरच बदलतो, त्यामुळे तो मार्ग इथे उपयोगाचा नाही.

बाहेरच्या सेन्सरचे मोठे आकर्षण म्हणजे तो कोणालाही घरी दहा मिनिटांत बसवता येतो. सोबत आलेला लॉकनट आधी व्हॉल्व्हवर पूर्ण खालपर्यंत फिरवावा, मग सेन्सर हाताने फिरवत न्यावा. एका क्षणी हवा फुसफुसते आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात तो आवाज थांबतो. तिथून हाताला लागेल तेवढेच घट्ट करावे आणि मग नट वर आणून सेन्सरच्या तळाशी पान्याने आवळावा. या नटामुळे सेन्सर सैल होत नाही आणि कोणी सहज काढूनही नेत नाही. मात्र पुढच्या वेळी हवा भरताना तोच पाना जवळ लागतो, हे रस्त्याकडेला उभे राहिल्यावरच आठवते.

ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते ती वेगळीच आहे. बाहेरचा सेन्सर दाब मोजण्यासाठी व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो, म्हणजे एरवी हवा अडवणारा व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि टायरमधील हवा रोखण्याची सगळी जबाबदारी सेन्सरच्या तळाशी असलेल्या छोट्या रबरी वॉशरवर येते. माझ्या गाडीच्या मागच्या चाकात रोज सकाळी दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) कमी दिसू लागले, तेव्हा मी दोन दिवस टायरवर खिळा शोधत होतो. शेवटी साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे आले ते सेन्सरच्या बुडाशी. वॉशर एका बाजूला मुडपला होता. गळती दाखवणारे यंत्र स्वतःच गळत होते. तेव्हापासून सेन्सर बसवला की साबणाचे पाणी लावणे आणि दुसऱ्या दिवशी थंड टायरचा दाब पुन्हा पाहणे, ही दोन्ही कामे मी बसवण्याचाच भाग समजतो.

दुसरा मुद्दा वजनाचा आहे. साधारण दहा ग्रॅमचा सेन्सर तळहातावर जाणवतही नाही. पण सतरा इंची चाकाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असताना, चाकाच्या मध्यापासून सुमारे 20 सेंटिमीटरवर असलेल्या त्या दहा ग्रॅमवर जवळपास पावणेदोन किलो वजनाइतका जोर पडतो, आणि वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. व्हॉल्व्ह रबरी असेल, विशेषतः थोडा तिरका असेल, तर दर प्रवासात तो वाकत राहतो आणि मुळाशी चिरा पडू लागतात. म्हणून बाहेरचा सेन्सर घेणाऱ्याने आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रिमवरील व्हॉल्व्हचे छिद्र बहुधा 8.3 किंवा 11.3 मिलिमीटरचे असते, तेव्हा मोजूनच व्हॉल्व्ह आणावा. सेन्सर बसल्यावर चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून तो ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) घासत नाही ना, हेही पाहावे.

इथे एक अडचण उभी राहते. धातूचा व्हॉल्व्ह बसवायचा तर टायर निदान एका बाजूने रिमवरून सोडवावाच लागतो, आणि टायर सोडवायचाच असेल तर आतला सेन्सरच का बसवू नये? टायर बदलायची वेळ जवळ आलेली असेल, तर या प्रश्नाला माझ्यापाशी समाधानकारक प्रतिवाद नाही. आतला सेन्सर व्हॉल्व्हच्या बुडाशी रिमच्या खोबणीत बसतो, बाहेरून फक्त नेहमीची टोपी दिसते, हवा भरताना काही काढावे लागत नाही, आणि चोरी, धूळ, पाणी यांची चिंता उरत नाही. तापमानाचा आकडाही तो अधिक विश्वासार्ह देतो, कारण तो टायरच्या आतील हवेतच असतो. बाहेरच्या सेन्सरला समोरचा वारा सतत थंड करत असल्याने त्याचा आकडा टायर खरोखर किती तापला आहे हे कमी करून सांगतो.

आतल्या सेन्सरची किंमत मोजावी लागते ती बॅटरीच्या रूपाने. बाहेरच्यात साधा बटन सेल असतो आणि तो संपला की झाकण उघडून बदलता येतो. आतल्यात बॅटरी बंदिस्त असते, काही वर्षे चालते आणि संपली की सेन्सरच बदलावा लागतो. शिवाय बसवताना चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करावेच लागते, आणि पुढे दर वेळी टायर बदलणाऱ्याला आत सेन्सर असल्याचे आधी सांगावे लागते, कारण टायरची कड सोडवणारे यंत्र व्हॉल्व्हच्या बाजूने लावले तर सेन्सरचे प्लॅस्टिक एका दणक्यात फुटते. टायरमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव सीलंट घालण्याची सवय असेल तर आतल्या सेन्सरचे बारीक छिद्र बुजण्याचा धोका असतो. बाहेरचाही त्यातून पूर्ण सुटत नाही, पण तो निदान काढून पुसता येतो.

डिस्प्लेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फोनवर चालणारी यंत्रणा स्वस्त आणि नीटनेटकी असते, पण फोन खिशात असेल तर इशाऱ्याचा आवाज हेल्मेटमध्ये ऐकूच येत नाही. हँडलवर लखलखणारा लाल दिवा त्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. तो गाडीच्या बॅटरीला जोडायचा असेल तर किल्ली बंद केल्यावर प्रवाह थांबेल अशाच वायरला आणि फ्यूज घालूनच जोडावा.

यंत्रणा कोणतीही असो, ती किती उपयोगी पडेल हे इशाऱ्याच्या मर्यादा कशा ठरवल्या यावर अवलंबून असते, आणि ही जुळवणी टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावरच करावी. समजा पुढच्या टायरसाठी 33 पीएसआय दाब सांगितला आहे. अमेरिकेतील मोटारगाड्यांच्या नियमात दाब 25 टक्के घटल्यावर इशारा देणे बंधनकारक आहे. त्या हिशेबाने इथे इशारा 25 पीएसआयच्या आसपास येईल, आणि दोन चाकांच्या गाडीसाठी तो फार उशिरा आलेला इशारा ठरेल, कारण तोवर वळणावर पुढचे चाक जड आणि सुस्त वाटू लागलेले असते. मी खालची मर्यादा 29 ठेवतो. वरची मर्यादा मात्र सैल ठेवावी लागते: 20 अंशांवर 33 असलेला दाब टायर 60 अंशांपर्यंत तापल्यावर साडेएकोणचाळीसच्या जवळ जातो, त्यामुळे 41 पेक्षा कमी मर्यादा लावली तर यंत्रणा विनाकारण ओरडत राहते.

याच आकड्यांत एक फसवी जागा आहे. तापलेल्या टायरमध्ये दाब 39 असताना खालचा इशारा 29 वर असेल, तर दहा पीएसआय हवा निघून जाईपर्यंत संथ गळतीचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रवासात केवळ इशाऱ्यावर विसंबू नये; दोन चाकांपैकी एकाचाच आकडा उतरत आहे का, याकडे अधूनमधून पाहावे. बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकलींवरील कंपनीची आरडीसी यंत्रणा दाब 20 अंशांच्या हिशेबाने दुरुस्त करून, म्हणजे टायर 20 अंशांवर असता तर किती असता तेवढा, दाखवते, त्यामुळे ही अडचण टळते. पण मग गरम टायरला हातातला गेज (दाब मोजायचे साधन) लावला की दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि नवखा चालक नाहक हवा काढून टाकतो.

उंच घाटमाथ्यांवर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही सेन्सर टायरमधील एकूण दाब मोजतात आणि बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीइतकाच आहे असे गृहीत धरून तो त्यातून वजा करतात, पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असतो. 3000 मीटर उंचीवर असा सेन्सर गेजपेक्षा सुमारे साडेचार पीएसआय कमी दाखवतो, आणि हवा गेली असे समजून भरली तर टायर प्रमाणाबाहेर फुगतो. तसेच गाडी उभी असताना बहुतेक सेन्सर झोपलेले असतात, त्यामुळे सकाळी किल्ली फिरवताच दिसणारा आकडा कालच्या तापलेल्या टायरचा असू शकतो. थोडे अंतर गेल्यावर येणारा आकडाच खरा मानावा.

या सगळ्या हिशेबाचा निष्कर्ष असा, की टायर नवे असतील आणि धातूचे व्हॉल्व्ह आधीच असतील तर बाहेरचा सेन्सर घ्यावा. टायर झिजत आले असतील आणि लांबचे वेगवान प्रवास होत असतील तर थोडे थांबून नव्या टायरबरोबर आतला बसवावा. ट्यूब असलेल्या स्पोकच्या चाकांसाठी मात्र मी दोन्हीपैकी काहीच सुचवणार नाही. आतला सेन्सर तिथे बसतच नाही. बाहेरचा बसतो, पण दाब कमी झाल्यावर ट्यूब टायरबरोबर सरकते, व्हॉल्व्ह छिद्रात तिरका होतो, आणि टोकावरचे ते दहा ग्रॅम ओझे त्याला मुळातून फाडू शकते. अशा चाकांना खिशातला चांगला गेज पुरतो, तो दर आठवड्याला लावला तर.