पीएनआर आला म्हणजे तिकीट निघालं असं समजू नका

७,६५० दिरहम आणि वर ९२,००० रुपये. जॉर्जियाच्या सहलीसाठी एका ट्रॅव्हल एजंटला, ओटीपी आणि पिन टाकून मी स्वतःच्या हाताने दिले. त्यातले ४,९०० दिरहम तर माझे नव्हतेच, ऑफिसातल्या मित्राचे होते. तो आणि त्याची बायको माझ्या भरवशावर आले होते.

२०२४ मध्ये यूएईच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, २ आणि ३ डिसेंबर, सोमवार-मंगळवारी आली. शनिवार-रविवार धरून सलग चार दिवस. तेवढ्यात घरी जाऊन येणं परवडत नाही, म्हणून इथला निम्मा भारतीय जॉर्जियाला पळतो. साडेतीन तासांचं विमान, आणि इथला रेसिडेन्स व्हिसा असला की तेव्हा जॉर्जियाचा वेगळा काढावा लागत नव्हता. याच सोयीने घात केला. युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर तिकीट-हॉटेलचे कागद निदान कुणीतरी बघतं. इथे विमानतळाच्या काउंटरपर्यंत कुणीच बघत नाही.

एजंट इन्स्टाग्रामवर सापडला. मराठी बोलायचा. "दादा, वहिनींना थंडी सोसते ना? काझबेगीला बर्फ असेल." परदेशात आपल्या भाषेत कुणी असं विचारलं की माणूस सैल पडतो, मीही पडलो. लोभ नडला म्हणणाऱ्यांना सांगतो, विमान-हॉटेल धरून माणशी २,४५० दिरहम आणि मुलीचे १,८५० हा दर फुकटातला नव्हता. इतर दोघे २,६००च्या आसपास सांगत होते.

धंद्याच्या लायसन्सचा फोटो मागितला, तोही आला. त्यावर एका कंपनीचं नाव, आयबॅन, म्हणजे पैसे पाठवायचा खाते नंबर, भलत्याच माणसाच्या नावाचा. विचारलं तर म्हणे, कंपनीच्या खात्यात घेतले तर ५ टक्के व्हॅट लावावा लागेल. मी अकाउंट्समध्ये आहे. नावं जुळत नसतील तर पेमेंट सोडायचं नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि ५८२ दिरहम वाचतात म्हणून ६ नोव्हेंबरला ३,००० आणि १४ला ४,६५० पाठवले.

तरीही तेव्हाच कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. कळायला हवं होतं २१ तारखेच्या रात्री. त्याने सहा अक्षरी पीएनआर पाठवला. विमान कंपनीच्या साइटवर टाकला तर पाचही नावं समोर, मुलीच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर. बायकोला उठवून दाखवलं. नावांच्या खाली पिवळी पट्टी होती, पेमेंट बाकी असल्याची. मी ती वाचली. स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवली. "ग्रुप फेअर आहे दादा, तिकीट ४८ तास आधी निघतं." पट्टी खोटं बोलत नव्हती, तो बोलत होता, आणि मी त्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले ४,००० दिरहम, २३च्या भावाने ९२,००० रुपये, माझ्या भारतातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून पुण्यातल्या यूपीआयवर गेले.

पैसे न भरता सीट नुसती अडवून ठेवली तरी पीएनआर मिळतो. तिकीट निघालं की १३ आकडी ई-तिकीट नंबर येतो. काही स्वस्त विमान कंपन्या तो देत नाहीत, तिथे पैसे भरल्याची त्यांची स्वतःची मेल मागा. एजंटची पीडीएफ चालणार नाही.

३० तारखेला पहाटे चार वाजता शारजा विमानतळ. मुलीने नवं गुलाबी जॅकेट घरूनच चढवलेलं, काढायलाच तयार नव्हती. काउंटरवरच्या माणसाने पीएनआर दोनदा टाकला. बुकिंग २७लाच आपोआप रद्द झालेलं. मित्राची बायको एक शब्द बोलली नाही. तिने चकल्यांचा डबा हँडबॅगेतून काढून मोठ्या बॅगेत सरकवला. हॉटेलला फोन केला तर तेही 'तिथे पोचल्यावर पैसे' वालं बुकिंग, दोन दिवसांपूर्वी कॅन्सल.

मग सुरू झाले हेलपाटे. बँक म्हणाली, ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलीत, समोरच्याच्या संमतीशिवाय परत घेता येत नाही. फसवणाऱ्याची संमती! इथल्या पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली. अकरा दिवसांनी 'दिवाणी बाब, कोर्टात जा' म्हणून बंद. रुपयांचं म्हटलं तर ते भारतातलं, तिकडे बघा. पुण्यात भावाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर खातं रिकामं झालेलं. तो चौकीत गेला तर फिर्यादी हजर नाही, गुन्हा दुबईत घडला, हद्द आमची नाही. अरे, पैसे पुण्यातल्या खात्यात गेलेत! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हद्द न बघता तक्रार घ्या म्हणतं. भावाने ते मोबाइलवर काढून दाखवलं. "ते कागदावर असतं साहेब." चार चकरा झाल्या, चौथ्यांदा ठाणे अंमलदारच बदललेला, पुन्हा पहिल्यापासून. एका ताटातले पैसे दोन देशांत वाटायचे, म्हणजे दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवणार, हे त्या हरामखोराला पक्कं माहीत होतं. इथल्या एजंटला रुपयांत एक पैसा देऊ नका. क्रेडिट कार्डाने भरा, तो कार्ड घेत नसेल तर उठा. कार्डावर निदान बँकेत वाद तरी घालता येतो.

मित्र पैसे नको म्हणतो. मी तरीही जानेवारीपासून महिन्याला ७०० देतोय, पाच हप्ते बाकी आहेत. त्या एजंटचं पान नव्या नावाने पुन्हा सुरू झालंय, जॉर्जियातल्या गेर्गेतीच्या चर्चचा तोच जुना फोटो, ईदची पॅकेजं. मी खाली कमेंट टाकली होती, तासाभरात मला ब्लॉक केलं.