मासळीचा विक्रेता निवडताना: विस्तार, माध्य विचलन की प्रमाण विचलन?

म्हापशात खानावळ आहे आणि तिला रोज २० किलो बांगडा लागतो असं धरू. विक्रेते तीन. हिशेबापुरते घेतलेले सात दिवसांचे आकडे, किलोत:

पहिला: १७, १७, १७, २०, २३, २३, २३
दुसरा: ११, २०, २०, २०, २०, २०, २९
तिसरा: ११, ११, ११, २०, २९, २९, २९

तिघांचीही सरासरी २०. तेवढ्यावर निवडायचं तर चिठ्ठ्याच टाकाव्या लागतील. पाहायला हवा तो चढउतार.

विस्तार काढणं सगळ्यात सोपं: मोठ्यातून लहान वजा. उत्तरं ६, १८, १८. पण दुसऱ्याने पाच दिवस नेमका २० किलो दिला, तिसऱ्याने एकच दिवस. विस्ताराला मधले दिवस दिसतच नाहीत.

माध्य विचलन प्रत्येक दिवसाचं सरासरीपासूनचं अंतर घेतं, अधिक-उणे सोडून, आणि त्यांची सरासरी काढतं. २.६, २.६, ७.७. म्हणजे पहिला आणि दुसरा सारखेच! मला हे पटत नाही. तीन किलो कमी आला तर शेवटच्या थाळ्यांना सुक्या सुंगटांची किसमूर वाढून निभावतं. नऊ किलो कमी आला की भर दुपारी गिऱ्हाईक परत जातं, आणि ते उद्याही येईलच असं नाही.

प्रमाण विचलन अंतराचा वर्ग करतं. ३ चे ९ होतात, ९ चे ८१: चूक तिप्पट, वजन नऊपट. वर्गांची बेरीज ६ ने भागून वर्गमूळ घेतलं की ३, ५.२ आणि ९. तिघे वेगळे झाले. दिवस सात असून भागायचं सहाने, कारण सरासरी याच आकड्यांतून आली आहे. सहा अंतरं कळली की सातवं आपोआप ठरतं. सातने भागलं तर चढउतार खऱ्यापेक्षा कमी दिसण्याकडे कल राहतो.

वर्गाचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. दोघांकडून माल घेतला, एकाचं प्रमाण विचलन ३, दुसऱ्याचं ४, तर एकूण मालाचं ७ नव्हे, ५ येतं (९ + १६ = २५). माध्य विचलनांची अशी सरळ बेरीज जमत नाही. अट एकच, दोघांचे चढउतार एकमेकांवर अवलंबून नसावेत. दोघेही समुद्राचीच मासळी आणत असतील, तर दर्या खवळला की दोघांच्याही पाट्या रिकाम्या, आणि आकडा ७ कडे सरकतो. म्हणून एक समुद्राचा आणि एक खाजनातल्या मानशीचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतलं पाण्याचं दार, तिथे जाळं लावून मासळी धरतात), अशी जोडी मी सुचवेन.

बांगड्यासाठी मात्र पहिलाच घ्या. दुसरा दर कमी लावत असेल तर परत जाणाऱ्या गिऱ्हाइकांचा हिशेब त्यात आधी मांडा.

एखाद्या दिवशी चुकून शंभर किलो आला, तर तो एकच आकडा प्रमाण विचलन फुगवतो. तिथे चतुर्थकांमधलं अंतर बरं, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून फक्त मधल्या निम्म्यांचा विस्तार. आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीतले दिवस बाकीच्या दिवसांत मिसळू नका, त्यांची वही वेगळी ठेवा.