पिंपळाची पालवी बघायला ८×४२ची दुर्बीण

पक्षीनिरीक्षणासाठी म्हणून विकली जाते, पण मी ही दुर्बीण घेतली ती खिडकीसमोरच्या पिंपळासाठी आणि त्याच्या शेजारच्या देशी बदामासाठी. या कामाला ती लाख मोलाची आहे. ८ पट मोठं दिसतं, ४२ मिमीचं भिंग भरपूर उजेड आत घेतं, त्यामुळे पहाटेच्या अंधुक प्रकाशातही शेंड्याच्या फांद्या स्पष्ट दिसतात. १० पटीची घेऊ नका. हातात धरून एकाच डहाळीकडे बराच वेळ बघायचं तर चित्र हलत राहतं.

पिंपळाची कळी खालून नुसती टोकदार काडी वाटते. दुर्बिणीतून तिच्यावरचं पातळ आवरण दिसतं. ते गळून पडतं आणि आतून तांबूस, तुकतुकीत, अजून अंगात जोर नसलेलं पान लोंबत बाहेर येतं. ही लाली अँथोसायनिन या तांबड्या रंगद्रव्याची. हिरवा रंग मागाहून भरतो. बदामाचं नेमकं उलटं, तिथे लाली म्हातारपणी येते. हरितद्रव्य ओसरतं, देठाच्या बुडाशी पेशींचा थर सुटतो, पान गळतं आणि डहाळीवर त्याचा व्रण उरतो. तो व्रणसुद्धा दिसला तेव्हा मला खरंच भरून आलं.

खटकलं ते एकच: भिंगांची झाकणं सैल आहेत, सारखी निसटतात. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत फिरवून ठेवा, म्हणजे पूर्ण दृश्य मिळतं. घ्यायची तर पानगळीच्या आधी घ्या.