कॅम्परव्हॅनमधून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा किनारा: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

मेलबर्नला राहणारी आपली कुटुंबे ग्रेट ओशन रोड हा समुद्रकाठचा रस्ता बहुधा एका दिवसात उरकतात. पहाटे निघून दुपारी ट्वेल्व्ह अपोसल्स हे समुद्रातले सुळके गाठायचे, फोटो काढायचे आणि रात्री घरी परतायचे, असा तो बेत असतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आम्हीही अनेक वर्षे असेच नेत होतो. या पद्धतीत समुद्र भरपूर दिसतो, प्राणी मात्र फारसे दिसत नाहीत. कांगारू, वॉलबी आणि वॉम्बॅट प्रामुख्याने संधिप्रकाशात आणि रात्री चरायला बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी पाहुणे परतीच्या वाटेवर असतात. गाडी चालवण्यासाठीही तीच वेळ सर्वांत धोक्याची, कारण कडेच्या झुडपातून कांगारू केव्हा समोर झेप घेईल याचा नेम नसतो. सूर्य मावळण्यापूर्वी गाडी थांबलेली असावी आणि थांबण्याची जागा शक्यतो राष्ट्रीय उद्यानाच्या आत असावी, एवढ्या एका अपेक्षेने आम्ही गेल्या जूनमध्ये, म्हणजे येथील हिवाळ्याच्या सुरुवातीला, कॅम्परव्हॅन घेतली. तिच्याविषयीचे माझे मत याच कसोटीवर बनले आहे.

गाडी म्हणजे टोयोटा हायेसची लांब, उंच छपराची डिझेल व्हॅन. आतले काम दुसऱ्या एका कारखान्याने केलेले आहे: दोघांची गादी, १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छपरावर २०० वॅटचे सौर पॅनेल, ६० लिटर पाण्याची टाकी, मागच्या दरवाजाखालून बाहेर ओढता येणारा गॅसचा ओटा आणि गाडीच्याच टाकीतले डिझेल वापरणारा हीटर. अंघोळीची सोय नाही आणि तिची गरजही भासली नाही, कारण मुक्कामाच्या बहुतेक तळांवर गरम पाण्याची स्नानगृहे असतात.

टॉर्कीपासून अॅलन्सफोर्डपर्यंतचा २४३ किलोमीटरचा ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, युद्धात पडलेल्या आपल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून बांधला. हा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना चालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. येथे भारताप्रमाणेच डावीकडून वाहतूक चालत असल्यामुळे या दिशेने जाताना समुद्र आपल्या बाजूला राहतो, थांबण्याच्या जागांवर सहज वळता येते, आणि व्हॅनचा सरकता दरवाजा डावीकडे असल्याने तो थेट समुद्राकडे उघडतो. वळणांवर उंच गाडी कलते, पण वेग कमी ठेवला तर त्रास होत नाही. मागे रांग लागली की बाजूला थांबून इतरांना पुढे जाऊ द्यावे. ट्वेल्व्ह अपोसल्सच्या चुनखडीच्या सुळक्यांपैकी एक २००५ मध्ये कोसळला, आता आठच उरले आहेत. ते पाहायचे तर दुपारच्या गर्दीत नव्हे, सकाळच्या तिरप्या उन्हात. मात्र या रस्त्याच्या कडेला किंवा वाहनतळांवर गाडीत झोपण्यास मनाई आहे. आम्ही पोर्ट कॅम्बेलच्या तळावर राहतो. तेथून सुळके सुमारे १२ किलोमीटरवर आहेत, त्यामुळे उजाडल्यावर निघूनही पर्यटकांच्या बसगाड्यांच्या कितीतरी आधी पोहोचता येते.

हीटरची खरी किंमत वॉर्नमबूलला कळली. तेथील लोगन्स बीचवर जून ते सप्टेंबर या काळात सदर्न राइट व्हेल जातीच्या माद्या विण्यासाठी येतात आणि पिल्लासह किनाऱ्यापासून काही शे मीटरवर संथपणे पडून राहतात. त्या दिसायच्या तर वाट पाहावी लागते, आणि दक्षिण महासागरावरून येणारा जुलैचा वारा फार वेळ उभे राहू देत नाही. आम्ही थोडा वेळ लाकडी मचाणावर आणि थोडा वेळ गाडीत, असे आळीपाळीने थांबत गेलो. साध्या मोटारीने आलेली मंडळी गारठून निघून गेल्यावर मादीने पाठ वर काढली आणि तिच्या कुशीला लागलेले पिल्लू आम्हाला स्पष्ट दिसले. केवळ त्या दुपारीसाठीसुद्धा ही गाडी घेणे मला योग्य वाटते. तेथून जवळच असलेल्या टॉवर हिलच्या ज्वालामुखी विवरात एमू आणि कोआला दिसतात. एकेकाळी उजाड झालेल्या या विवरात पुन्हा कोणती झाडे लावावीत हे ठरवताना चित्रकार यूजीन फॉन गेरार्ड यांनी १८५५ मध्ये काढलेल्या चित्राचा आधार घेतला गेला, हे वाचल्यापासून मी तेथे प्राण्यांइतकेच लक्षपूर्वक झाडांकडे पाहतो.

विजेच्या बाबतीत विक्रेत्यांच्या आकड्यांवर विसंबू नये. येथे सूर्य उत्तरेकडे असतो आणि हिवाळ्यात फार खाली राहतो. छपरावर सपाट बसवलेले पॅनेल तेव्हा उन्हाळ्याच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी वीज देते, आणि ग्रेट ओशन रोडलगतच्या ऑटवेच्या दाट जंगलात तर जवळजवळ काहीच नाही. आमचा फ्रीज दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-अवर घेतो. त्यामुळे हिवाळ्यात आमची मदार गाडी चालताना बॅटरी भरणाऱ्या चार्जरवरच असते. एकाच जागी दोन रात्री राहायचे तर चालते, तिसऱ्या रात्रीची खात्री मी देणार नाही. किनाऱ्यावर पॅनेलवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. तो गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावा, आणि घरी परतल्यावर गाडीचा तळही धुवावा, नाहीतर गंज धरतो.

विल्सन्स प्रॉमंटरी हे आमचे सर्वांत आवडते ठिकाण. या राष्ट्रीय उद्यानातील टायडल रिव्हरच्या तळावर नाताळच्या सुट्टीतील जागांचे वाटप सोडतीने होते, म्हणून आम्ही मार्चमध्ये गेलो. तेथे वॉम्बॅट संध्याकाळी गवतातून सरळ गाड्यांमध्ये चरत येतात. खाण्याच्या वासाने ते तंबू फाडतात, पत्र्याच्या गाडीला ती भीती नाही. तरीही अन्न किंवा कचरा बाहेर ठेवू नये, आणि कोणत्याही प्राण्याला काहीही खाऊ घालू नये, तो गुन्हा आहे. अशा कोणत्याही व्हॅनचा सरकता दरवाजा मोठा आवाज करतो, म्हणून अंधार पडण्यापूर्वी तो एकदाच हवा तेवढा उघडून ठेवावा. आम्ही खिचडीचा कुकरही उन्हे असतानाच लावतो, कारण त्याच्या शिट्टीने चरणारे प्राणी बुजतात आणि शेजाऱ्यांचीही शांतता मोडते. फोडणी मात्र कायम बाहेरच्या ओट्यावर द्यावी, गाडीत दिली तर पडद्यांना लागलेला वास जात नाही. वाऱ्यासाठी शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा हवाच.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन माणसांच्या श्वासाने थंड रात्री पत्र्याला आतून घाम येतो आणि गादीची खालची बाजू ओली होते. खिडकी बोटभर उघडी आणि छपरावरचा पंखा मंद चालू ठेवला, गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाकली, तेव्हा हे आटोक्यात आले. आतले काम करणाऱ्यांनी फ्रीजमागे हवेला पुरेशी वाट ठेवली नव्हती, त्यामुळे जानेवारीच्या उकाड्यात तो अखंड चालू राहायचा. तेथे हवेसाठी जाळी आम्हाला पदरच्या खर्चाने बसवून घ्यावी लागली. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र गाडीत नव्हते. हीटर आणि गॅस असलेल्या गाडीत ते नसणे मला अक्षम्य वाटते. २.३ मीटरच्या उंचीमुळे शहरातील अनेक तळघरांच्या पार्किंगमध्ये गाडी जात नाही. आई-बाबा सांगलीहून आले होते तेव्हा पायरीची उंची आईच्या गुडघ्यांना झेपेना. रुंद, न घसरणारा पाट ठेवल्यावर तिची चढउतार सोपी झाली. रात्री मात्र त्यांच्यासाठी तळावरची लाकडी खोली घेतली, आणि वयस्कर मंडळी सोबत असतील तर हेच करावे.

व्हिक्टोरियातून शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात जाताना फळमाशीच्या प्रतिबंधासाठी फळे नेता येत नाहीत आणि टोमॅटो, मिरच्याही त्यातच मोडतात. म्हणून सीमेआधीच्या मुक्कामात आमच्याकडे टोमॅटोचे सार आणि ठेचा ठरलेला असतो. येत्या हिवाळ्यात तेथील कूराँगच्या खाऱ्या सरोवरावरचे पेलिकन पाहून पुढे नलारबोरच्या समुद्रकाठच्या कड्यांपर्यंत, हेड ऑफ बाइटच्या व्हेल पाहायला जायचे आहे. त्याआधी १०० अँपिअर-अवरची दुसरी बॅटरी आणि जमिनीवर उत्तरेकडे कलती ठेवता येईल अशी सौर पॅनेलची घडी, एवढे दोन बदल करून घेणार आहे.