टर्की टेल मशरूम कॅप्सूल (६० नग): मागवण्याआधी लेबलची मागची बाजू वाचा

दादाने वहिनींसाठी ही बाटली ऑनलाइन मागवली, १,८५० रुपयांना. वहिनींची स्तनाच्या कर्करोगाची केमो चालू आहे. खोक्यावर ठळक छापलंय की यातली नैसर्गिक पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) कर्कपेशींना आत्महत्या करायला लावतात. मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ते वाचून मला फार राग आला, कारण ते अर्धंच खरं आहे, आणि घरात एवढं आजारपण असलं की माणूस अशाच वाक्याला धरून बसतो.

पेशीच्या या ठरलेल्या मरणाला ॲपॉप्टोसिस हे नाव १९७२ साली मिळालं. गर्भात बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. कर्कपेशी नेमकं हेच मरण टाळते. प्रयोगशाळेत बशीतल्या कर्कपेशींवर अळंबीचा अर्क थेट टाकला की कॅस्पेज नावाची विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि पेशी मरतात, असे प्रयोग झालेले आहेत. पण कॅप्सूल पोटात जाते. अळंबीतलं पॉलिसॅकराइड म्हणजे मुख्यतः बीटा-ग्लुकान; त्याची साखळी आपल्या विकरांना पचत नाही, आणि एवढा मोठा रेणू अख्खाच्या अख्खा गाठीपर्यंत पोचेल असं धरून चालता येत नाही. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरचं डेक्टिन-१ हे ग्राही प्रथिन (रिसेप्टर) तिला ओळखतं, त्यातून प्रतिकारशक्तीला चालना मिळते. म्हणजे परिणाम झालाच तर तो बराचसा आडवळणाने. जपानमध्ये याच टर्की टेलपासून काढलेल्या पीएसके या औषधाला १९७७ मध्ये मान्यता मिळाली, शिटाके या अळंबीच्या लेंटिनानला १९८५ मध्ये. पण ती शुद्ध केलेली औषधं, लेंटिनान तर शिरेतून द्यायचं, आणि केमोच्या जोडीला. केमोऐवजी नाही.

आता या बाटलीबद्दल. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, 'तांदळावर वाढवलेलं मायसेलियम', म्हणजे अळंबीचं मुळांसारखं धाग्यांचं जाळं. मायसेलियम वाईट असं नाही, पीएसकेही त्यातूनच काढायचे. पण इथे तांदूळ वेगळा काढता येत नाही, तोही दळला जातो. 'पॉलिसॅकराइड ४०%' असंही छापलंय, आणि तांदळातला स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच!

म्हणून ओट्यावरच तीन वाट्या मांडल्या: भाताची पेज, वाळवलेली धिंगरी (ऑयस्टर मशरूम) उकळलेलं पाणी, आणि दोन कॅप्सूल फोडून उकळलेलं पाणी. तिन्ही पूर्ण गार झाल्यावर कॉलेजातल्या आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकले; स्टार्च असला की ते निळं-काळं होतं. पेज निळी-काळी झाली. धिंगरीचं पाणी तपकिरीच राहिलं. कॅप्सूलच्या वाटीत थेंब पडला तिथून शाईसारखा निळा रंग पसरला आणि चमच्याने ढवळल्यावर सगळी वाटी काळी झाली. दादा शेजारीच उभा होता, काही बोलला नाही.

वहिनींच्या डॉक्टरांना बाटली दाखवली. ते म्हणाले, "केमो चालू आहे तोवर मध्ये काही घालू नका. पांढऱ्या पेशी कशाने वर-खाली झाल्या हे मला कळायला हवं." त्याच दिवशी बंद केलं.

कंपनीला दोनदा मेल करून बीटा-ग्लुकान किती आणि स्टार्च किती, हे वेगवेगळं विचारलं. दोन्ही वेळा तेच माहितीपत्रक आलं. पॅकिंग चांगलं होतं, दोन दिवसांत घरपोच मिळालं, म्हणून एक तारा. तुम्ही घेणार असाल तर हे दोन आकडे आधी मागून घ्या, आणि बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय झाकण उघडू नका. उघडलेली परत घेत नाहीत.